इब्राहिम झदरान: अफगाणिस्तानला असा ओपनर मिळाला कुठून?

कट्टेकरी_निखिल

मंडळी, हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. अफगाणिस्तान म्हटलं की आपल्याकडे गाडी राशीदवर येऊन थांबते. फार तर नबी, मुजीब, नूर अहमद, म्हणजे सगळे स्पिनर. बॅटिंगचा विषय निघालाच तर गुरबाझ, तो पहिल्या बॉलपासून बॅट फिरवतो म्हणून. मला मात्र गेली दोन-तीन वर्षं वेड लावलंय ते इब्राहिम झदरानने. डिसेंबर २००१ चा जन्म. वनडे वर्ल्डकपमध्ये अफगाणिस्तानचं पहिलं शतक याचं, चॅम्पियन्स ट्रॉफीतला आजवरचा सगळ्यात मोठा स्कोअरही याचाच.

लाहोरची इनिंग ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. २६ फेब्रुवारी २०२५, समोर इंग्लंड, हरलं की घरी. आर्चरने सुरुवातीलाच तीन उडवले, ३७ वर ३. अशा वेळी इब्राहिम काय करतो, तर काहीच करत नाही. बॉल डोळ्याखाली येऊ देतो, सोडायचा तो सोडतो, कॅप्टन शाहिदीबरोबर शंभरावर रन जोडतो. शतकाला १०६ बॉल घेतले. आणि मग पुढच्या ४० बॉलमध्ये ७७! ज्या आर्चरने सुरुवातीला हैराण केलं होतं त्यालाच शेवटी धुतला. १४६ बॉलमध्ये १७७. त्याच मैदानावर चारच दिवस आधी डकेटने १६५ करून रेकॉर्ड केलं होतं, ते मोडलं. ३२५ झाले, रूटने १२० मारले तरी इंग्लंड ८ रनने हरलं.

आता माझा प्रश्न. ज्या टीमला घरच्या मैदानावर एक इंटरनॅशनल मॅच खेळता येत नाही, जिच्या वाट्याला टेस्ट वर्षाला एखाद-दुसरी, लीगवाले जिथून फक्त मिस्टरी स्पिनर उचलतात, तिथे असा डाव बांधणारा ओपनर तयार झाला कसा?

मृण्मयी_के

वा, मस्त विषय. वाचतेय.

गहुंजेकर

निखिल, आवडता विषय काढलास. २०२३ च्या वर्ल्डकपमधली आपल्या पुण्याची मॅच मी स्टेडियममध्ये बसून बघितलीय, ३० ऑक्टोबर, श्रीलंकेविरुद्ध. २४२ करायचे होते आणि गुरबाझ शून्यावर दांडी गुल. इब्राहिमने त्या दिवशी ३९ च केल्या, स्कोअरकार्डात कुणी बघणारही नाही. पण मदुशंका नवा बॉल आत आणत होता तेव्हा हा ज्या शांतपणे रहमत शाहबरोबर उभा राहिला, तिथेच मॅच फिरली. नंतर शाहिदी आणि अझमतुल्लाने ती आरामात संपवली, ७ विकेटने.

आमच्या स्टँडमध्ये पुण्यात शिकणारी अफगाण पोरं भरपूर होती. माझ्या शेजारचा एमबीए करत होता, झकास हिंदी बोलायचा. प्रत्येक चौकाराला सगळे उभे, झेंडे, नाच. तो मात्र इब्राहिमने बॉल सोडला की टाळी वाजवायचा. चांगल्या लीव्हला टाळी! मी विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे सिक्स मारणारे खूप आहेत, थांबणारा पहिल्यांदाच बघतोय.

फटकेबाज_सम्या

आता मी जरा विरोधात बोलतो, राग मानू नका. ही थांबण्याची पूजा मला पटत नाही. वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२९ केल्या त्या १४३ बॉलमध्ये. शतकाला १३१ बॉल! टीमचे २९१ झाले ते राशीदने शेवटी १८ बॉलमध्ये ३५ मारले म्हणून. वीस रन अजून असते तर मॅक्सवेलने २०१ मारूनही मॅच गेली असती का? सेट झालेल्या ओपनरने पस्तिसाव्या ओव्हरपासून गिअर बदलायलाच पाहिजे होता.

खडूस_ओपनर

@सम्या, अरे ऑस्ट्रेलिया ९१ वर ७ होती! २९१ कमी पडले असं कसं म्हणतोस? कमी पडला तो मुजीबचा कॅच. मॅक्सवेल ३३ वर असताना शॉर्ट फाइन लेगला सोपा झेल सुटला, बॉलर नूर अहमद. तिथून मॅक्सवेलने पाय हलत नसताना, नुसत्या हातांच्या जोरावर मारले. कमिन्सने ६८ बॉल खेळून १२ केल्या. या सगळ्यात ओपनरचा काय दोष?

आणि ती मॅच बघताना माझं लक्ष दुसरीकडेच होतं. आदल्या संध्याकाळी सचिन वानखेडेवर जाऊन त्या पोरांना भेटला होता. इब्राहिमने इनिंगनंतर स्वतः सांगितलं की सचिनशी बोलून फार बळ मिळालं, आणि आज त्याच्यासारखी बॅटिंग करणार हे मॅचच्या आधीच बोलून दाखवलं होतं. एकवीस वर्षांचं पोर सचिनच्या घरच्या मैदानावर हे बोलतं आणि पन्नास ओव्हर नाबाद राहतं. माझ्या अंगावर काटा आला होता.

फटकेबाज_सम्या

कॅचचं मान्य. पण मुद्दा सोडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये शारजाला साउथ आफ्रिकेला २-१ ने हरवलं तेव्हा इब्राहिम टीममध्ये नव्हता. दुसऱ्या वनडेत गुरबाझचं शतक, राशीदच्या वाढदिवशी त्याच्या ५ विकेट, १७७ रनने जिंकले. म्हणजे त्याच्याशिवाय अडत नाही.

मृण्मयी_के

१७७ रनने जिंकले आणि पाच महिन्यांनी त्याने परत येऊन १७७ मारले? आमच्या आजीने याचा नक्की काहीतरी अर्थ लावला असता :)

शारजाकर_विनायक

त्या सीरिजला मी शारजात होतो, दोन मॅच बघितल्या. इब्राहिम का नव्हता तेही सांगतो. ग्रेटर नोएडाला न्यूझीलंडबरोबर टेस्ट होती, तिच्या आधी फिल्डिंगची प्रॅक्टिस करताना घोटा मुरगळला. ती टेस्ट तर एकही बॉल न पडता रद्द झाली, पाचही दिवस. पोराच्या हाती टेस्ट लागलीच नाही, वर दुखापत पदरात. ऑपरेशन झालं, कितीतरी महिने बाहेर. चॅम्पियन्स ट्रॉफीत परतला तेव्हा कराचीला पहिल्या मॅचमध्ये १७. आणि पुढच्याच मॅचला १७७.

इथलं वातावरण एकदा अनुभवावं असं आहे. शारजा हे त्यांचं घरच झालंय. मॅचच्या दिवशी संध्याकाळपासून टॅक्सीवाले, बांधकामावरचे, भाजी मंडईतले पठाण रांगेत. कितीतरी जण थेट कामावरून, सिमेंटने पांढरे झालेले बूट तसेच पायात. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारबाबा होते, त्यांनी पूर्ण मॅच नातवाला फोनवर व्हिडिओ कॉलने दाखवली, मध्ये मध्ये रेंज गेली की शेजारच्याचा फोन मागायचे आणि शेजारचाही काही न बोलता द्यायचा. पण सम्या, इथे जल्लोष होतो तो सिक्सचाच, तेवढं तुझं खरं आहे.

आप्पा_दादरकर

निखिलच्या मूळ प्रश्नाचं थोडं उत्तर घरात आहे. त्याचा काका नूर अली झदरान. खोस्तचा. २०१० च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये सेंट लुशियाला भारताविरुद्ध पन्नास मारणारा ओपनर तो हाच. त्या पिढीने पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावण्यांमधून क्रिकेट उचललं आणि २००८ साली जर्सीला डिव्हिजन फाइव्ह खेळून वर्ल्ड क्रिकेटच्या पार तळातून सुरुवात केली. पुतण्याला सतराव्या वर्षी टेस्ट मिळाली ती चट्टोग्रामला, सप्टेंबर २०१९, बांगलादेशविरुद्ध. पहिल्या डावात २१, दुसऱ्यात ८७, आणि राशीदच्या कॅप्टनशिपखाली २२४ रनने विजय.

आणि काकाला? काकाला टेस्ट मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये, कोलंबोला, वयाच्या पस्तिशीत. कॅप कुणी दिली, तर पुतण्याने! दोघं ओपनिंगला गेले. पहिल्या डावात इब्राहिम दुसऱ्याच बॉलला शून्यावर आउट. दुसऱ्या डावात काका-पुतण्याची शतकी भागीदारी, काका ४७, पुतण्या ११४. मॅच हरले. पुढच्या महिन्यात काका रिटायर.

मी उभ्या आयुष्यात खूप क्रिकेट बघितलं, पण पुतण्याच्या हातून काकाला टेस्ट कॅप हे दृश्य दुसरं आठवत नाही.

गहुंजेकर

आप्पा, _/\_ हे माहीत नव्हतं. काय सांगताय!

अनुजा_ठाणे

सगळ्यांचं वाचून छान वाटतंय पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. याच बोर्डाने नोव्हेंबर २०२० मध्ये २५ मुलींना करार दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आल्यावर त्या मुलींना देश सोडावा लागला, बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला जंक्शन ओव्हलवर त्या पहिल्यांदा एकत्र एक मॅच खेळल्या, साडेतीन वर्षांनी. आणि त्यानंतर चार आठवड्यांच्या आत इब्राहिमने लाहोरला १७७ मारले, ज्या मॅचवर इंग्लंडने बहिष्कार टाकावा असं तिथल्या दीडशेच्या वर खासदारांनी लिहून दिलं होतं. मी ती इनिंग बघितली, टाळ्याही वाजवल्या, आणि वाजवताना घशात काहीतरी अडकलं. या पोराच्या वयाच्या तिकडच्या मुलीला क्रिकेट जाऊ दे, कॉलेजसुद्धा नाही.

पाटलाचा_बंड्या

राजकारणाला वेगळा धागा काढा की ताई. इथे बॅटिंगवर चाललंय.

कट्टेकरी_निखिल

नाही बंड्या, अनुजाताईंचं इथेच राहू दे. कोण खेळू शकतो आणि कोण नाही हे या विषयाच्या बाहेरचं कसं असेल?

खडूस_ओपनर

अनुजाताई, तुमचं दुःख शंभर टक्के खरं. पण बहिष्काराने काय साधलं ते मला कळत नाही. ऑस्ट्रेलिया सीरिज रद्द करते आणि वर्ल्डकपमध्ये पॉइंट हवे असले की त्याच टीमशी खेळते. नुकसान कुणाचं? खेळाडूंचं. डिसेंबर २०२४ मध्ये मुलींचं वैद्यकीय शिक्षण बंद केलं तेव्हा राशीद आणि नबी दोघं उघडपणे विरोधात बोलले. त्यांची घरची माणसं तिकडे आहेत. एवढं बोलायला किती छाती लागते.

अनुजा_ठाणे

त्या दोघांबद्दल आदरच आहे. पोरांना खेळू देऊ नका असं मी म्हणतच नाही. आयसीसीकडून जो पैसा त्या बोर्डाला जातो त्यातला मुलींचा वाटा मुलींच्या टीमला द्या, ती टीम कुठेही असो. एवढीच मागणी आहे आणि ती अवघड नाही.

शारजाकर_विनायक

अनुमोदन. याला कुणाचीच हरकत नसावी.

आणि इब्राहिमच्या बाबतीत एक जोडतो. २३ ऑक्टोबर २०२३, चेन्नई, पाकिस्तानविरुद्ध ८७. गुरबाझबरोबर १३० ची ओपनिंग, २८३ चा पाठलाग ८ विकेटने. मॅन ऑफ द मॅच घेताना त्याने ते बक्षीस अर्पण केलं पाकिस्तानातून परत पाठवल्या जाणाऱ्या अफगाणांना. त्याच महिन्यात तिकडच्या सरकारने १ नोव्हेंबरपर्यंत निघून जा म्हणून सांगितलं होतं. लोक चाळीस-चाळीस वर्षांचे संसार ट्रकवर टाकून निघाले होते. कॅमेऱ्यासमोर, एवढ्या मोठ्या विजयानंतर, त्या पोराला आठवली ती ही माणसं. इथे शारजात ती क्लिप आठवडाभर सगळ्यांच्या फोनवर फिरत होती.

पाटलाचा_बंड्या

हे वाचून शांत बसलो. ताई, राहू दे इथेच.

मैदानावरची_मीरा

मी डोंबिवलीला मुलांना कोचिंग करते, अंडर-१४. मला तांत्रिक अंगाने बोलायचंय. मुलांना मी लाहोरची इनिंग दाखवते, हायलाइट्स नाही, पहिल्या पंधरा ओव्हर. त्याचं डोकं बघा. बॉल ऑफस्टंपच्या बाहेर असला तरी डोकं बॉलच्या रेषेत जातं आणि मग हात मागे थांबतात. पुढे ढकलत नाही. आर्चरच्या वेगाला हात पुढे गेले की स्लिपमध्ये कॅच, गुरबाझचा प्रश्न अनेकदा तोच असतो. इब्राहिम बॉल जवळ येऊ देतो आणि थर्डमॅनला नुसती दिशा देतो, एक रन. आखूड पडला की मात्र मागच्या पायावर इतका लवकर जातो की पुल मारायला वेळच वेळ.

सम्या, तुला उत्तर गुरबाझमध्येच आहे. जुलै २०२३, चट्टोग्राम, पहिल्या विकेटला २५६. गुरबाझ १४५, इब्राहिम १००. पुढच्याच महिन्यात हंबनटोटाला पाकिस्तानविरुद्ध २२७, गुरबाझ १५१ आणि इब्राहिम ८०. गुरबाझ बिनधास्त मारू शकतो कारण समोरचं टोक पडणार नाही याची त्याला खात्री असते. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये गुरबाझ सगळ्यात जास्त रन करणारा ठरला तेव्हा पलीकडे इब्राहिमच होता. ऑस्ट्रेलियाला हरवलं त्या किंग्जटाउनच्या मॅचला ११८ ची ओपनिंग, टीमचे एकूण १४८. ओपनर पडल्यावर बाकीच्यांनी किती केल्या ते बघ.

फटकेबाज_सम्या

मीराताई, हे पटलं. जोडी म्हणून बघितलं तर हिशोब बदलतो. पण वनडेसाठी. टी-ट्वेंटीत मी अजूनही त्याला तीन नंबरलासुद्धा पाठवणार नाही.

मैदानावरची_मीरा

किंग्जटाउनच्या पिचवर पाठवशील. बॉल थांबून येत होता तिथे, ऑस्ट्रेलिया १२७ मध्ये संपली. टी-ट्वेंटी म्हणजे फक्त वानखेडे आणि चिन्नास्वामी नाही.

आप्पा_दादरकर

मीरा, सुंदर लिहिलंस. आता मुंबईचा धागा जोडतो, ओढून-ताणून नाही, खराच आहे. २०१६-१७ मध्ये अफगाणिस्तानचा हेड कोच आपला लालचंद राजपूत होता. जून २०१७ मध्ये त्यांना टेस्टचा दर्जा मिळाला तो त्याच्याच कारकिर्दीत. त्याच वर्षी त्यांच्या अहमद शाह अब्दाली या चार दिवसांच्या स्पर्धेला फर्स्ट क्लास मान्यता मिळाली. निखिल, तुझ्या प्रश्नाचं दुसरं उत्तर इथे आहे. डाव बांधायला शिकवते ती चार दिवसांची मॅच, दुसरं काही नाही.

त्या स्पर्धेत ऑक्टोबर २०१७ ला बहीर शाह नावाच्या पोराने फर्स्ट क्लास पदार्पणात नाबाद २५६ केल्या. जागतिक रेकॉर्ड थोडक्यात हुकलं. कुणाचं? आपल्या अमोल मुझुमदारचं, १९९४ सालचे हरियाणाविरुद्धचे २६०. नंतर त्याच बहीरने त्रिशतकही मारलं. २०१८ च्या अंडर-१९ वर्ल्डकपला सेमीफायनल गाठणाऱ्या टीममध्ये इब्राहिम आणि बहीर दोघं होते, आणि तेव्हा सगळे बोलत होते बहीरबद्दल. त्याला टेस्ट मिळाल्या त्या मोजक्याच. मिळणार कुठून, २०१८ पासून २०२५ पर्यंत त्यांच्या देशाला टेस्टच जेमतेम डझनभर मिळाल्या.

गहुंजेकर

अमोल मुझुमदारला तर एकही मिळाली नाही. अकरा हजारांवर फर्स्ट क्लास रन करून.

अनुजा_ठाणे

आणि त्याच अमोल मुझुमदारच्या कोचिंगखाली आपल्या मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये डी. वाय. पाटीलवर वर्ल्डकप उचलला. मी तिथे होते. स्मृती, जेमिमा, आपल्याच मातीतल्या मुली. त्या रात्री मला मेलबर्नच्या त्या अफगाण मुली आठवल्याच होत्या.

खडूस_ओपनर

आप्पांच्या मुद्द्यात अजून एक. इब्राहिमचं वनडेतलं पहिलं शतक जून २०२२ ला हरारेला, नाबाद १२०. पुढच्या महिन्यात जोनाथन ट्रॉट कोच म्हणून आला. ट्रॉट स्वतः कसा खेळायचा ते आठवतंय ना, क्रीजवर गार्डची रेघ खणत बसायचा, बॉलर वैतागायचे. त्याच्या हाताखाली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पल्लेकेलेला श्रीलंकेविरुद्ध एकाच सीरिजमध्ये १०६ आणि १६२. स्वभावाला स्वभाव भेटला. २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये ३७६ रन, त्यांच्या टीममध्ये सगळ्यात जास्त.

कट्टेकरी_निखिल

क्या बात है, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरात ओपनर काका, बरोबर वेळेला सुरू झालेली चार दिवसांची स्पर्धा, अंडर-१९ ची ती गुणी बॅच, वरून ट्रॉट. पण आप्पा, तुमच्या बहीर शाहमुळे मला झोप लागणार नाही आता. हे सगळं त्यालाही मिळालं होतं की, काका सोडून.

आप्पा_दादरकर

म्हणून तर लिहिलं. एक वर आला की आपण वाट सापडली म्हणतो. वाट तयार व्हायला टेस्ट पाहिजेत, दरवर्षी चार-पाच तरी. त्या द्यायच्या कुणी? आपण देऊ शकतो. बंगळुरूला २०१८ मध्ये त्यांची पहिली टेस्ट आपणच खेळवली, दोन दिवसांत संपली. त्यानंतर २०२५ संपेपर्यंत एकही नाही. देहरादून, लखनऊ, नोएडा वापरायला दिलं, चांगलं केलं. पण समोर बुमरा, जाडेजा पाहिजेत.

फटकेबाज_सम्या

यावर मात्र माझी सही. भारत-अफगाणिस्तान टेस्ट, गहुंज्याला ठेवा, पाचही दिवसांची तिकिटं काढतो.

गहुंजेकर

गहुंज्याच्या पिचवर पाच दिवस? २०१७ ला ऑस्ट्रेलियाची टेस्ट तीन दिवसांत आटोपली होती, चौथ्या-पाचव्या दिवशी लोणावळ्याला जाऊ :D ये पण नक्की, पार्किंगपासून चालायची तयारी ठेव.

मैदानावरची_मीरा

तशा पिचवर बुमरा आणि जाडेजासमोर इब्राहिम पहिलं सेशन कसा काढतो ते मला बघायचंय. पुढच्या पायावर जाडेजाला तो अजून अडखळतो असं माझं मत आहे, बॅट पॅडच्या थोडी मागे राहते. कुणी नीट बघितलं असेल तर लिहा.